हाताचा अंदाज आणि पान्याचे माप

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणारी सडक सौंसरच्या मुलखात शिरली की लोधीखेड्याचा परिसर लागतो. गाव लहान, परंतु नाव जुने. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला; तेव्हापासून हा मराठी बोलणारा पट्टा सीमेच्या पलीकडचा झाला. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि सौंसरसह लोधीखेडा त्यात आले. जिल्हा बदलला, राज्य बदलले. गावाची भांड्यांविषयीची ख्याती मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिली.

भांडी घडविणाऱ्या कारागिराची विद्या त्याच्या हातात असते. पत्र्याला ताव द्यावयाचा, तो नरम पडला की ठोकावयाचा, पुन्हा ताव द्यावयाचा आणि शेवटी मठारून त्याला घट्टपणा व झळाळी आणावयाची. घाव किती जोराचा असावा हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. घाव जास्त बसला तर पत्रा पातळ होतो. कमी बसला तर पोचा राहतो. कारागिराचा कान व डोळा मिळून प्रत्येक घावाचा हिशेब ठेवतात आणि चूक झाली तर ती तत्क्षणी दिसते. परंतु तेच भांडे बाजारात विकावयास आले म्हणजे हाताचा अंदाज बाजूस राहतो आणि तराजू पुढे येतो. तांब्याचा हंडा वजनावर विकला जातो. घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत नसले तरी दोघांचाही काट्यावर विश्वास असतो, कारण त्या वजनांवर सरकारी छाप असते. जेथे चूक डोळ्यांना दिसते तेथे हाताचा अंदाज पुरतो. जेथे ती दिसत नाही तेथे माप लागते. ही साधी गोष्ट भांड्यांच्या बाजाराने कित्येक पिढ्यांपूर्वी ओळखली होती. मोटारीच्या धंद्याला ती ओळखण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्या ओळखीतून जे हत्यार जन्मास आले त्याला इंग्रजीत टॉर्क रेंच म्हणतात. आपण त्यास मापाचा पाना म्हणू.

नट आवळण्यात असते काय?

नट आवळणे हे वरवर पाहता अगदी क्षुल्लक काम. परंतु बोल्ट म्हणजे निव्वळ खिळा नव्हे. नट फिरू लागला की बोल्ट किंचित ताणला जातो. एखादी जाड स्प्रिंग ओढून धरावी तसा तो आपल्या जागी ताणलेला राहतो आणि मूळ लांबीवर येण्याच्या धडपडीत दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पकड येते ती या ताणातून. ताण कमी पडला तर गाडीच्या हादऱ्यांनी नट हळूहळू सुटत जातो. ताण जास्त झाला तर बोल्ट आपली लवचीकता गमावतो, त्याचे आटे ओरबाडले जातात, किंवा तो आतून चिरतो आणि पुढे केव्हातरी, भर रस्त्यात, कोणतीही सूचना न देता तुटतो. दोन्ही प्रकारांत बाहेरून पाहणाऱ्यास नट सारखाच दिसतो. भांड्याचा पोचा दिसतो, बोल्टाचा ताण दिसत नाही; येथेच हाताच्या कसबाची मर्यादा येते.

हा ताण प्रत्यक्ष मोजणे कठीण आहे. म्हणून यंत्रशास्त्राने एक मधला मार्ग काढला. बोल्टाचा ताण मोजण्याऐवजी नट फिरविण्यासाठी दिलेला पीळ मोजावयाचा. पीळ म्हणजे जोर गुणिले दांड्याची लांबी. 40 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी 25 किलोग्रॅमचा जोर लावला तर 10 किलोग्रॅम-मीटर इतका पीळ पडतो. आजच्या परिमाणात तो सुमारे 98 न्यूटन-मीटर होतो. त्याच पान्यावर नळी चढवून दांडा 80 सेंटिमीटरचा केला आणि जोर तेवढाच ठेवला, तर पीळ दुप्पट होतो. नळी चढवून नट आवळणाऱ्याला आपण काही जास्त केले असे वाटतच नाही, कारण त्याच्या हाताला पूर्वीइतकेच श्रम पडलेले असतात. हात जोर ओळखतो. पीळ ओळखत नाही.

यात आणखी एक मेख आहे. दिलेल्या पिळापैकी सुमारे निम्मा नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात खर्च होतो, सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि उरलेला अवघा दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणून आटे गंजलेले असतील तर पीळ पुरेसा भरूनही पकड अपुरी राहते. आणि कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला पीळ तेल लावलेल्या आट्यांना दिला तर बोल्ट फाजील ताणला जातो. उत्तम मापाचा पाना जवळ असूनही आटे स्वच्छ न करणाऱ्याचे माप खोटेच ठरते.

पान्याच्या लांबीतले जुने शहाणपण

मापाचा पाना येण्यापूर्वी कारखाने अगदीच अंधारात चाचपडत होते असे नाही. 1841 साली मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एकसारखे प्रमाण सुचविले. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. आटे प्रमाणबद्ध झाले तसे पानेही प्रमाणबद्ध झाले आणि त्यांच्या लांबीत एक मूक शहाणपण साठविले गेले. लहान नटाचा पाना आखूड, मोठ्या नटाचा लांब. सामान्य माणसाने सामान्य जोर लावला तर त्या नटाला साधारण योग्य तोच पीळ पडावा, अशी ती योजना होती. आखूड पान्याला नळी चढविणारा मनुष्य हे सारे शहाणपण एका क्षणात मोडीत काढतो.

बैलगाडीच्या व सावकाश चालणाऱ्या यंत्रांच्या काळात इतके पुरले. मोटारीच्या इंजिनाने मात्र परीक्षा कठीण केली. सिलिंडरच्या तोंडावर बसविलेले हेड हे पुष्कळ बोल्टांनी आवळलेले असते आणि मध्ये गॅस्केटचा पातळ थर असतो. आत इंधनाचा भडका सेकंदास कित्येक वेळा उडत असतो. एक बोल्ट घट्ट व शेजारचा ढिला असा प्रकार झाला की हेड वाकडे बसते, गॅस्केट फुटते, पाणी तेलात मिसळते आणि इंजिन निकामी होते. म्हणून हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे लागतात आणि प्रत्येकाला सारखाच पीळ द्यावा लागतो. सकाळचा ताजा हात आणि संध्याकाळचा थकलेला हात यांच्याकडून ही समता होणे नाही. मग दोन निरनिराळ्या कामगारांच्या हातांची गोष्टच नको.

न्यूयॉर्कच्या नळांपासून मोटारीच्या कारखान्यापर्यंत

गंमत अशी की मापाच्या पान्याची पहिली गरज मोटारीला भासली नाही. ती शहराच्या नळांना भासली. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार याने 1918 च्या सुमारास असा पाना तयार केला. जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरील बोल्ट कामगार फाजील आवळीत व ते तुटत. एकदा पुरलेला जोड उकरून काढणे म्हणजे रस्ता खणणे. त्या खर्चातून आणि त्रासातून हे हत्यार निघाले. 1931 मध्ये जॉन शार्प याने पीळ मोजणाऱ्या पान्याच्या पेटंटासाठी अर्ज केला. 1935 मध्ये बार आणि त्याचा सहकारी जॉर्ज फेफर्ले यांनी ठरविता येण्याजोग्या मापाच्या पान्याचे पेटंट घेतले. नेमलेला पीळ भरला की तो पाना आवाज करून सूचना देत असे. पुढे पॉल स्टर्टेव्हंट नावाच्या विक्रेत्याने मोटारी बनविणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने हे पाने तयार केले आणि 1938 पासून ते बाजारात विक्रीस आले.

लगोलग दुसरे महायुद्ध आले आणि विमानांच्या इंजिनांनी या पान्याचे महत्त्व शतपटीने वाढविले. मोटारीचे इंजिन बिघडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात कडा नसते. इंग्लंडमध्ये बॅनबरी येथे 1942 साली नॉरबार ही कंपनी मापाचे पाने बनविण्यासाठीच उभी राहिली. युद्ध संपले तेव्हा हजारो कामगार या हत्याराला सरावले होते, आणि शांततेच्या काळातल्या यंत्रशाळांत त्याने आपसूक प्रवेश केला.

आपल्याकडील इतिहास

हिंदुस्थानात मोटार उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी आहे. सोलापूरच्या या उद्योगपतीने क्रायस्लर कंपनीशीच करार केला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावे त्या पिढीच्या कानांत अजून घुमत असतील. ज्या कंपनीच्या परवान्याने मापाचा पाना बाजारात आला, तिच्याच गाड्या मराठी मुलखात जोडल्या जाऊ लागल्या, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याच सुमारास सार्वजनिक वाहतुकीचे नवे पर्व सुरू झाले. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. गाड्या वाढल्या तशा मोठ्या यंत्रशाळा उभ्या राहिल्या: पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. एका गाडीचा एक मिस्त्री ही जुनी पद्धत येथे चालणार नव्हती. एकाने आवळलेले चाक दुसरा तपासतो आणि तिसऱ्याच्या हाती गाडी जाते. परस्परांस न ओळखणाऱ्या या तिघांमध्ये विश्वासाचा धागा कोणता? भांड्यांच्या बाजारात जो होता तोच: सर्वांनी मान्य केलेले माप.

त्या काळच्या मिस्त्रीपुढे अडचणी काही थोड्या नव्हत्या. इंग्रजी गाडीचे आटे व्हिटवर्थच्या पद्धतीचे, अमेरिकन डॉजचे वा जीपचे आटे निराळे, आणि इटलीच्या फियाटचे आटे मिलिमीटरमधले. पान्यांचे तीन संच बाळगल्यावाचून गत्यंतर नसे. डॉजसारख्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. चाक फिरताना नट सुटू नयेत ही त्यामागील कल्पना. हे ठाऊक नसलेला नवशिका डाव्या चाकाचा नट सोडविण्यासाठी नेहमीच्या दिशेने पान्यावर उभा राही आणि नट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जाऊन बोल्ट मोडे.

त्यातच परिमाणांचा गोंधळ. अमेरिकन व इंग्रजी पुस्तकांत पीळ फूट-पौंडांत दिलेला असे. भारताने 1956 मध्ये दशमान मापांचा कायदा केला, 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले आणि 1958 च्या ऑक्टोबरापासून किलोग्रॅमचा प्रवेश झाला. शेर जाऊन किलो आला तेव्हा बाजारात काही काळ जी तारांबळ उडाली तीच यंत्रशाळांतही उडाली. फूट-पौंडांच्या जोडीला किलोग्रॅम-मीटर आला आणि पुढे न्यूटन-मीटर आला. एक फूट-पौंड म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.81 न्यूटन-मीटर. पुस्तकात 80 न्यूटन-मीटर सांगितले असता कोणी पान्यावरची 80 फूट-पौंडांची खूण धरली, तर प्रत्यक्षात 108 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. पाना उत्तम, हात प्रामाणिक, तरीही बोल्ट तिसऱ्या हिश्श्याने जास्त पिळला जातो. आजही पुष्कळ पान्यांवर दोन-दोन परिमाणे शेजारी-शेजारी कोरलेली असतात. म्हणून ही चूक इतिहासजमा झाली असे समजण्याचे कारण नाही.

लोधीखेड्याच्या परिसराला या इतिहासाचा एक वेगळा पदर आहे. नागपूर-छिंदवाडा मार्गावर रामाकोना ओलांडल्यावर पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. चढ, उतार आणि वळणे यांच्यावरून भरलेली बस जाते तेव्हा चाकांच्या नटांवर जो भार येतो तो सपाट रस्त्यावरच्या भाराहून निराळा असतो. महाराष्ट्रात राज्य परिवहनाच्या यंत्रशाळांची परंपरा चालू राहिली. मध्य प्रदेशात मात्र राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 साली झाला आणि प्रवासी वाहतूक खाजगी मालकांच्या गाड्यांवर आली. अशा गाडीची देखभाल पुष्कळदा रस्त्याकडेच्या लहान गॅरेजात होते. मोठ्या यंत्रशाळेत कोणते हत्यार घ्यावे हे ठरविणारा अधिकारी असतो. लहान गॅरेजात ते मिस्त्रीनेच ठरवावयाचे असते, तेही स्वतःच्या खिशातून. म्हणून विश्वासू पाना कसा निवडावा, हा प्रश्न पंडिती चर्चेचा राहत नाही. गाडीत बसलेल्या माणसांच्या जीविताशी तो निगडित आहे.

चार जातींचे पाने

मापाच्या पान्याच्या मुख्यतः चार जाती आहेत. पहिला सुईचा पाना. 1678 साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमावर तो चालतो: लवचीक वस्तूचा ताण तिच्यावरील जोराच्या प्रमाणात वाढतो. पान्याचा दांडा जोराने वाकतो, शेजारची सुई सरळ राहते आणि दोघींतील अंतर पट्टीवर वाचता येते. यात बिघडण्याजोगे फारसे काही नाही. सुई वाकली तर पुन्हा शून्यावर आणता येते. किंमत कमी, आयुष्य दीर्घ. दोष इतकाच की पट्टी समोरून सरळ पाहावी लागते. अडचणीच्या जागी वा गाडीखाली झोपून ती वाचणे कठीण जाते, आणि बाजूने पाहणाऱ्यास आकडा चुकीचा दिसतो.

दुसरा आवाजाचा पाना. मुठीजवळचा भाग फिरवून हवे ते माप लावले की आतील स्प्रिंग तेवढी दाबली जाते; पीळ पुरा होताच टक् असा आवाज होतो आणि हाताला किंचित झटका बसतो. गॅरेजात हाच सर्वाधिक दिसतो, कारण अंधारातही तो बोलतो. परंतु त्याची सारी भिस्त आतील स्प्रिंगवर असते. तिसरा घड्याळाच्या तबकडीचा पाना. तो नेमका, परंतु नाजूक व महाग, म्हणून तपासणीच्या कामी अधिक उपयोगी. चौथा विजेवर चालणारा, आकडे दाखविणारा पाना. आधुनिक इंजिनांत काही बोल्ट आधी ठराविक पिळापर्यंत आणि मग ठराविक अंशांच्या कोनात फिरवून आवळावयाचे असतात. ते दोन्ही मोजण्याची सोय यांपैकी काहींत असते. त्याची बॅटरी मात्र वेळेवर संपू नये, एवढी काळजी घ्यावी लागते.

निवड करताना

पहिली कसोटी आवाक्याची. सर्व कामांना एकच पाना ही हाव सोडली पाहिजे. मापाचा पाना आपल्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्श्यापासून वर भरवशाचा मानला जातो, आणि नेहमी लागणारे माप त्याच्या आवाक्याच्या मध्यभागी येईल असा पाना घेणे श्रेयस्कर. सोन्याचा तोळा धान्याच्या काट्यावर कोणी तोलीत नाही. साधारण मोटारीच्या चाकांचे नट 80 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले जातात. त्यांसाठी अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा पाना योग्य. दुचाकीच्या इंजिनाच्या व स्पार्क प्लगच्या कामास त्याहून लहान पाना हवा. बस व मालमोटारीच्या चाकांना कित्येकशे न्यूटन-मीटर लागतात. तेथे पाऊण इंची टोकाचा लांब पानाच पाहिजे. नेमका आकडा कोणता, हे मात्र त्या गाडीच्या पुस्तकातच पाहावयाचे. शेजारच्या मिस्त्रीच्या आठवणीतून नव्हे.

दुसरी कसोटी अचूकपणाच्या दाखल्याची. या हत्यारांसाठी आयएसओ 6789 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याच्या 2003 च्या आवृत्तीनंतर 2017 मध्ये ते दोन भागांत नव्याने निघाले. 2003 च्या प्रमाणानुसार 10 न्यूटन-मीटरहून मोठ्या, माप लावता येणाऱ्या आवाजाच्या पान्याची चूक 4 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे 100 न्यूटन-मीटर लावले असता प्रत्यक्षात 96 ते 104 यांच्या दरम्यान पीळ पडला पाहिजे. सुईच्या पान्याला 6 टक्क्यांची मुभा आहे. चांगल्या पान्यावर त्याचा अनुक्रमांक कोरलेला असतो आणि सोबतच्या दाखल्यावर तोच क्रमांक व तपासणीत आलेले प्रत्यक्ष आकडे असतात. चकचकीत पेटी आणि निव्वळ शिक्का यांवर भुलू नये. दाखला नसलेला पाना म्हणजे छाप नसलेले वजन. ते खरे असेलही, परंतु तसे मानण्यास आधार काय?

तिसरी कसोटी पुन्हा तपासून घेण्याच्या सोयीची. त्याच प्रमाणाने सुचविलेला नियम असा की, दुसरी काही सूचना नसेल तर 5000 वेळा वापर झाल्यावर किंवा 12 महिन्यांनी, जे आधी घडेल तेव्हा, पाना तपासून घ्यावा. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा 1950 च्या जानेवारीत सुरू झाली; देशातील मोजमापांचे मूळ तेथे आहे. प्रयोगशाळांना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था 1988 मध्ये अस्तित्वात आली. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला म्हणजे गॅरेजातील पान्यापासून राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जोडलेली साखळी होय. दुरुस्ती, सुटे भाग आणि तपासणी जवळच्या शहरात होऊ शकेल असा पाना, परदेशी नावाच्या परंतु कोठेही न उघडता येणाऱ्या पान्यापेक्षा अधिक विश्वासू ठरतो. औद्योगिक हत्यारांचा धंदा आता आपल्याकडेही रुजला आहे; नाशिकच्या सातपूर वसाहतीतील टपारिया टूल्ससारखे कारखाने गेली अर्धशतकाहून अधिक वर्षे हातहत्यारे बनवीत आहेत.

चौथी कसोटी हातात घेऊन पाहण्याची. लावलेले माप आपोआप सरकू नये म्हणून पक्की कुलूपकडी आहे काय, आकडे खोल कोरलेले आहेत की नुसते रंगविलेले, आपल्याला लागणारे परिमाण ठळक आहे काय, मुठीवर हात धरण्याची जागा दाखविली आहे काय, आणि लहान मापावरही टक् आवाज स्पष्ट ऐकू येतो काय, हे पाहून घ्यावे. जुना पाना स्वस्तात मिळत असेल तर तपासणीचा खर्च त्याच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवावा.

पाना राखण्याची रीत

उत्तम पाना वाईट सवयींनी सहा महिन्यांत बिघडतो. मापाच्या पान्याने नट सोडवू नये. अडकलेला नट सोडविताना पान्यावर किती जोर पडतो याला मर्यादा राहत नाही. त्याचा हातोडा करू नये, त्यावर नळी चढवू नये. ओढताना सावकाश, एकसारखे ओढावे. झटका दिल्यास आवाज होण्यापूर्वीच पीळ पुढे निघून जातो. एकदा टक् झाले की थांबावे. खात्रीसाठी म्हणून दोन-तीनदा टक् टक् करणे ही पुष्कळांची सवय. त्याने खात्री वाढत नाही, पीळ वाढतो. दांड्याला आडवा जोड लावला की त्याची लांबी बदलते आणि आकडाही बदलतो, तो हिशेब करून घ्यावा. काम संपल्यावर आवाजाच्या पान्याचे माप त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे, म्हणजे स्प्रिंगला विश्रांती मिळते. मात्र त्याखाली मूठ आणखी सैल करू नये. पाना उंचावरून पडला असेल तर तो दिसण्यास कितीही ठीक असो, तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

आवळण्यातही क्रम आहे. चाकाचे नट एकामागोमाग एक गोल फिरून आवळू नयेत. एक आवळला की त्याच्या समोरचा, अशा ताऱ्याच्या क्रमाने आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. चाक बसवून 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर नटांचा पीळ पुन्हा पाहावा, कारण नवे जोड थोडे दबतात. ज्या बोल्टांवर एकदाच वापरण्याची सूचना असते ते दुसऱ्यांदा वापरू नयेत. ताणले गेलेले पोलाद पूर्वीचा गुण परत देत नाही.

या सर्वांवर अनुभवी मिस्त्रीचा एक आक्षेप असतो. तीस-तीस वर्षे हाताने आवळलेली चाके कधी सुटली नाहीत, मग हे नवे खूळ कशाला? आक्षेप खोटा नाही. अनुभवी हाताला पुष्कळ समजते. आटे चढताना कोठे अडकतात, नट वाकडा लागला आहे काय, बोल्ट ताणावयाचा सोडून नुसताच फिरतो आहे काय, हे कोणताही पाना सांगू शकत नाही. ते त्या हातालाच कळते, आणि कळत राहिले पाहिजे. परंतु सुटलेले चाक गॅरेजात परत येऊन आपली हकीगत सांगत नाही. ते घाटात, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात सुटलेले असते आणि ते कोणत्या हाताने आवळले होते हे कोणालाच आठवत नाही. ज्याच्या चुकीचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या तीस वर्षांच्या निर्धास्तपणाला पुरावा म्हणता येत नाही.

शिवाय गॅरेजात उस्ताद एकटा नसतो. त्याच्या हाताखाली पंधरा-वीस वर्षांची मुले शिकत असतात. उस्तादाच्या मनगटातला अंदाज शब्दांत सांगता येत नाही. तो मुलाच्या हातात उतरावयास वर्षे लागतात आणि तोवर गाड्या तर जातच असतात. भिंतीवर टांगलेला पाना, त्याच्या शेजारी गाड्यांच्या आकड्यांचा एक तक्ता आणि तपासणीची तारीख लिहिलेली एक वही, एवढी सामग्री असेल तर पहिल्या वर्षाचा मुलगाही चाक असे आवळू शकतो की ते पाहून उस्तादाला निश्चिंत मनाने गाडी सोडता यावी. उस्तादाचा मान त्याने कमी होत नाही. मापाचा मान राखावयास शिकविणे हाही उस्तादाच्याच विद्येचा भाग आहे.

तांब्याचा हंडा घडविणाऱ्याने तराजूला कधी आपला अपमान मानले नाही. घडविणे हे त्याचे काम होते आणि तोलणे हे सर्वांच्या भरवशाचे काम होते. गाडीत बसलेला प्रवासी मिस्त्रीला ओळखत नाही, आणि मिस्त्रीही त्याला ओळखत नाही. त्या दोघांमध्ये जो अबोल करार असतो, त्यावर सही करण्याचे साधन म्हणजे हा पाना. ते साधन खरे निघेल याची खात्री करून घेणे हे गाडी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाचे पहिले कर्तव्य होय.